कुणाकडचं?

मी विजेचे मीटर तपासणारा माणूस. मीटर दाखवेल तेवढंच खरं, बाकी सगळ्या गप्पा, असं माझं चोवीस वर्षं चाललंय. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर त्याला आधी डोळे तपासून ये म्हटलं असतं.

फुटबॉलचा नाद जुना. रविवारी दुपारी गाडी काढायची आणि कुठल्या तरी परक्या क्लबच्या मैदानावर जाऊन बसायचं. आपली टीम नसली की बरं असतं, कोण हरलं तरी जेवण जातं. पण त्या रविवारचं कारण वेगळं होतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यांमागच्या मैदानावर आमचा नंदीश खेळणार होता.

सात महिने पोरगं घरी आलं नव्हतं. डिप्लोमा सोडून बॉलमागं पळतोय म्हणून मी त्याला त्याच्या मित्रांदेखत दोन थोबाडीत दिल्या होत्या. एकोणीस वर्षांचा पोरगा. चप्पल घातली आणि गेला. आता तिथल्याच एका कारखान्यात यंत्रमागावर काम करायचा आणि तिथंच झोपायचा. तेव्हापासून श्रीदेवी, माझी बायको, माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

निघताना ती दारात आली. "घेऊनच या त्याला. तुमी बाप हाय, जरा वाकलं तर मोडत न्हाय कंबर."

"मी मॅच बघायला चाललोय," मी म्हटलं. "तुझ्या लाडक्याची मनधरणी करायला नाही."

खोटं, साफ खोटं. पोराला घेतल्याशिवाय परत यायचं नाही, हे मी सात रस्त्याच्या सिग्नललाच पक्कं केलं होतं.

मैदानाच्या फाटकाशी एक म्हातारा स्टुलावर बसला होता. मांडीवर टॉवेलच्या कापलेल्या किनारींचा ढीग, काही लाल, काही हिरव्या. येणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाला एक बांधायचा आणि त्या बाजूला पाठवायचा. नंदीशची टीम लाल.

"कुणाकडचं?" त्यानं मला विचारलं. लग्नाच्या मांडवात विचारतात तसंच, मुलाकडचे की मुलीकडचे.

"न्यूट्रल," मी म्हटलं.

"मंजे?"

"म्हणजे कुणाकडचाच नाही. असाच आलोय."

त्यानं मान वर केली. "हितं तुमचं कोण न्हाय?"

मागं कारखान्यातली दोन-चार पोरं उभी होती. त्यातलं एखादं नंदीशला सांगेल, तुझा बाप आलाय, आला शेवटी नाक मुठीत धरून. माझं डोकंच फिरलं.

"नाही म्हणतोय ना! कोण नाही माझं."

"पुन्यांदा इचारतो, साहेब. एकदा गाठ मारली की मारली. कोणच न्हाय?"

"अरे किती वेळा सांगू? कोणच नाही!"

त्यानं स्टुलाखालच्या पिशवीतून एक कोरी पट्टी काढली, बिनरंगाची, आणि माझ्या मनगटाला घट्ट बांधली. मग माझ्याकडं न बघता मधल्या पायऱ्यांकडं बोट केलं.

सिमेंटच्या पाच पायऱ्या होत्या. बारा-पंधरा माणसं बसलेली, एकमेकांत अंतर ठेवून. शेंगा विकणारा लाल बाजूला ओरडत होता, तिथून थेट हिरव्या बाजूला गेला. मी हाक मारली तर वळलाही नाही. ऊन चटके देत होतं, तरी पायरी गार लागली. दुपारच्या चारला, सोलापुरात.

शेजारी एक बाई बसली होती, डोक्यावर पदर. तिच्या मनगटावरची पट्टी धुऊन धुऊन दोऱ्यावर आली होती.

"पैलाच रविवार का?" तिनं विचारलं.

"हो. तुमचा?"

"मोजायचं सोडलं, भाऊ." तिनं लाल टीमच्या गोलकीपरकडं बोट दाखवलं. "त्यो माझा ऋतुराज."

"मग इथं काय बसलाय? त्या बाजूला जावा की."

ती हसली नाही, रडली नाही. "सुनंशी भांडून आलते. फाटकात म्हणलं, माझं कोण न्हाय हितं."

बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं मी मनात म्हटलं आणि मॅच बघू लागलो.

नंदीश वाळला होता. पण काय पळत होता! विसाव्या मिनिटाला त्यानं दोघांना चकवलं आणि कोपऱ्यातून असा मारला की हिरव्यांचा कीपर जागेवरच उभा. न्यूट्रल गेलं खड्ड्यात. मी उठून टाळी वाजवली.

हाताला लागली. आवाज झाला नाही.

पुन्हा वाजवली. तळवे लाल झाले. मैदानावरची आरडाओरड, शिट्टी, मागं कुठंतरी चालू असलेल्या मागांची खटखट, सगळं नीट येत होतं. फक्त माझी टाळी नव्हती.

नंदीशनं आमच्या पायऱ्यांकडं पाहिलं. एकेका जागेवरून नजर फिरवली. माझ्यावरून ती तशीच पुढं गेली. राग असता तर चाललं असतं. त्या नजरेत काहीच नव्हतं.

मी पट्टीची गाठ सोडायला लागलो. सुटेना. दातानं ओढली. शेजारची बाई नुसती बघत होती.

तेवढ्यात मैदानावर नंदीश पडला. गुडघा धरून लोळायला लागला.

पंच धावला. खेळ थांबला. पंचानं दोन्ही बाजूंना हात करून विचारलं, "ह्याच्या घरचं कोण हाय का?"

"मी आहे! मी बाप आहे त्याचा!"

पायऱ्या उतरून धावलो. फक्कीच्या रेषेपाशी पोरांची गर्दी होती. कुणी बाजूला होईना. एकाचा खांदा धरून ओढला, त्यानं नुसती तिथली घामाची जागा खाजवली.

"ह्याच्या घरचं कोण?"

लाल बाजूनं एक माणूस निघाला.

माझ्याच उंचीचा. डावा खांदा माझ्यासारखाच जरा खाली. ऊन त्याच्या पाठीशी होतं, तोंड दिसलं नाही. मनगटाला लाल किनार.

तो वाकला. नंदीशनं आधी त्याचा हात झिडकारला. मग त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले.

"अप्पा," म्हणाला.

दोघं माझ्याच मोटारसायकलवरून गेले. चावी माझ्या खिशात होती.

मी तिथंच खाली बसलो आणि अंधार पडल्यावर घरी फोन लावला. बऱ्याच रिंगा गेल्या. श्रीदेवीनं उचलला. हसत होती. सात महिन्यांत ते हसू मी ऐकलं नव्हतं.

"श्रीदेवी, अगं—"

"हॅलो? कोण? जोरात बोला की, ऐकू येत न्हाय."

मी ओरडलो. घसा फाटेपर्यंत ओरडलो.

तिच्या मागून, आतल्या खोलीतून, कुणीतरी बोलत होतं. थांबत थांबत, बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तसं.

"चुकलं माझं, बाळा. चारचौघांत मारायला नको होतं मी."

आवाज माझा होता. नंदीश रडत होता, लहानपणी रडायचा तसा.

"हॅलो? कोण पायजे तुमाला?" श्रीदेवी म्हणाली.

तिनं फोन ठेवू नये म्हणून मी देवाला विनवत होतो. मला पुढचं ऐकायचं होतं.