तलावापलीकडचा कवडसा

त्या घरातला सकाळचा क्रम सहसा चुकत नसे. उठल्यावर ती आधी तलावाकडची खिडकी उघडी, मग चहाचे आधण ठेवी, आणि आधणाला उकळी फुटेपर्यंत बाबांचा वॉकर त्यांच्या पलंगाजवळ नेऊन ठेवी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पलंग ते खिडकी हाच बाबांचा प्रवास झाला होता. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला तो माणूस आता स्वतःच्याच पायांना बजावी, "पुढे सरका, पुढे जागा आहे!" खिडकीशी पोहोचले की ते खुर्चीत टेकत, गोल आरसा गजाला लावत आणि गालांवर साबण फासत. एवढ्यात शेजारच्या काकू बाबांच्या सोबतीला येत. मग ती तलावाला वळसा घालणारी बस पकडून विद्यापीठात जाई. तिथे ती तात्पुरत्या नेमणुकीवर संख्याशास्त्र शिकवत होती.

त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून बस तेवढी गळाली. बाकी सारे तसेच होते. ती चहा गाळत होती, आणि अचानक समोरच्या भिंतीवर उजेडाचा एक गोल थरथरला. साखरेच्या डब्यावरून तो सरकला, तिच्या मनगटावर आला... आणि थेट डोळ्यांत शिरला.

"अगं बाई! कोण हा वात्रटपणा करतंय?"

बाबांनी डोळे किलकिले करून तलावापलीकडे पाहिले. विद्यापीठाच्या उंच जलकुंभावर काहीतरी लखलखत होते. त्यांनी साबणाच्या हातानेच आपला आरसा उचलला, ऊन पकडले आणि पलीकडे फेकले.

"बाबा, ओळख ना पाळख, आणि तुम्ही—"

"कुणी हाक मारली तर ओ द्यावी, पोरी. ओळख मागाहून होते."

ओळख दुपारी दारात आली. डोक्यावर हेल्मेट, काखेत खोका, वाऱ्याने विस्कटलेला शर्ट.

"प्राध्यापकांचं घर ना हे? पिवळ्या टाकीचं?"

"टाकी पिवळी आहे," ती म्हणाली, "पण प्राध्यापक मागच्या गल्लीत राहतात. त्यांचीही टाकी पिवळीच आहे."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे सकाळी आरशानं उत्तर दिलं ते..."

"ते आमचे बाबा. कुणालाही उत्तर देतात."

तो हसला. हसताना तो आधी खाली पाही आणि मग समोरच्याकडे, हे तिने तेव्हाच टिपले. का टिपले, ते तिला सांगता आले नसते. तो विद्यापीठाचा तंत्रज्ञ होता. जिथवर तार पोहोचत नाही अशा विद्यार्थ्यांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या घरी लांब पल्ल्याचे बिनतारी ब्रॉडबँड नेता येईल का, याची चाचणी त्याच्याकडे होती. जलकुंभावर एक मोठा अँटेना, ज्याच्या त्याच्या गच्चीवर एक छोटा. मधे झाड नको, भिंत नको. नजर स्वच्छ जाते की नाही, हे तो आधी आरशाने पाहून घेत असे.

"मीही अर्ज केला होता," ती म्हणाली. "घर कक्षेबाहेर आहे, असं उत्तर आलं."

त्याने गच्चीकडे पाहिले, तलावाकडे पाहिले, मग तिच्याकडे. "टोकाचं एक तरी घर चाचणीत हवंच. नाहीतर टोक नेमकं कुठे आहे, ते कळणार कसं?"

"हा नियम आहे?"

"आत्ताच सुचला."

"खोका आत आणा, आरसेवाले!" बाबांनी आतून हुकूम सोडला. "दारात उभं राहून बस सुटत नसते!"

ती हसली खरी, पण मनात काळजी होती. महिनाअखेरीस काकू लेकीच्या बाळंतपणाला जाणार होत्या. त्यानंतर एकतर नोकरी तरी सोडायची, नाहीतर बाबांना एकटे तरी सोडायचे. घरून तास घेता आले तरच दोन्ही जमणार होते. तिचे सगळे त्या खोक्यावर अवलंबून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस गाठण्याआधी ती गच्चीवर छोटा अँटेना धरून उभी राहिली. तो पलीकडे जलकुंभावर होता आणि त्याचा आवाज फोनमधून तिच्या कानाशी.

"थोडं डावीकडे... अजून... नको, गेलं. परत या. हां... तिथेच! अजिबात हलू नका."

"श्वास घेतला तर चालेल?"

"...हळूच."

वारा तिची ओढणी ओढत होता, हात भरून आले होते, आणि तरी हे संपू नये असे तिला वाटत होते. तिने स्क्रू आवळले. लॅपटॉपवर आधी करडे ठिपके आले, मग निळे आकाश, आणि मग त्या आकाशात हेल्मेट घातलेला एक चेहरा.

"दिसतोय मी?"

"दिसताय," ती म्हणाली. तलाव ओलांडून आलेला तो चेहरा किती जवळ होता!

तेव्हापासून ती आणि तिचे विद्यार्थी चाचणीपुरते आपापल्या घरूनच तास करू लागले, आणि दर तासाआधी चाचणीचा फोन येऊ लागला. त्याला चित्राची स्पष्टता तपासायची असे.

"आज चित्र कसं आहे?"

"तुमच्या शर्टाचं एक बटण चुकलंय."

"...म्हणजे फारच स्पष्ट आहे."

"आणि तुमच्या बाजूला?"

"माझ्या बाजूला..." तो थांबे. "उत्तम आहे. नोंद करण्यासारखं."

"काय नोंद करताय?"

"सध्या फक्त वेग."

बाबांनी पडद्यात डोकावून यातही आपली भर घातली. "यंत्राचा काय भरवसा? बंद पडलंच तर आरसा आहेच. एक कवडसा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. बसची घंटी अशीच वाजते. साऱ्या जगाला कळते."

तास रंगू लागले. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ. एकच गोष्ट तिला सलत होती. तिच्या वर्गात एक मुलगी होती. पहिल्या दिवसापासून ती पहिल्याच बाकावर बसत आल्याने तिचे नावच 'पहिला बाक' पडले होते. जलकुंभाच्या दुसऱ्या अंगाला, टेकडीवरच्या वस्तीत तिचे घर होते आणि तेही चाचणीत होते. पण तास सुरू झाला की पहिल्या बाकाचा आवाज तुटे आणि मग ती दिसेनाशीच होई.

एके दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, रागावू नका. आधी छान चालतं. तुमचा तास लागला की जातं, सुटला की येतं. बाकी सगळे तास मिळतात. तुमचाच विषय मला आवडतो आणि तोच... माझं नशीबच फुटकं!"

"नशिबाला वेळापत्रक कळत नसतं," ती सावकाश म्हणाली. योगायोग पुन्हा पुन्हा घडला तर त्याचे कारण शोधा, हे ती स्वतःच वर्गाला शिकवत असे.

दुसऱ्या दिवशी चाचणीचा फोन आला तेव्हा तिने चित्राविषयी काहीच सांगितले नाही. "माझ्या तासाला तुम्ही वर काय करता?"

त्याने हेल्मेट काढून हातात घेतले.

"अँटेना... तुमच्या तासापुरता जरा तुमच्याकडे वळवतो. मग परत जागेवर ठेवतो."

"का?"

"पहिल्या तासाला तुमचं चित्र मधेच गोठलं होतं. आठवतं? तुम्ही घाबरलात. तो चेहरा... मला पाहवला नाही."

तिच्या छातीत काहीतरी आनंदाने उसळले आणि त्याच क्षणी संतापही आला. कोणाला आवर घालावा, तिला कळेना. आपल्यासाठी कुणी एवढे केले होते... आणि ते केले होते टेकडीवरच्या एका पोरीच्या वाटचे काढून.

"आणि पहिल्या बाकाचा चेहरा?"

"तो मला दिसत नव्हता," तो अगदी हळू म्हणाला.

"मला दिसत नव्हता, हे मला रोज दिसत होतं. मी येतेय तिकडे."

काकू अजून गेल्या नव्हत्या. तिने तासाला सुट्टी दिली आणि बस पकडली. जलकुंभाच्या आतला गोल जिना चढताना तिला धाप लागली. वर पोहोचताच वाऱ्याने तिला गदागदा हलवले. तो कठड्याशी उभा होता, हातात पाना, डोळे खाली.

"वरिष्ठांना आत्ताच सांगून आलोय," तो म्हणाला. "सगळं. भरपूर बोलणी खाल्ली. तुमचं घर काढलेलं नाही. पण अँटेना मधे राहील, कायम."

"मधे म्हणजे कुठे?"

त्याने खांबावरची पांढरी खूण दाखवली. तिने हात पुढे केला म्हणून पाना तिला मिळाला, नाहीतर त्याने स्वतःच काम उरकले असते.

"माझ्यासाठी वळलाय ना? मग सरळही मीच करणार."

"मॅडम, एक सांगू? इथे ठेवला की तुमच्याकडे आवाज जाईल. चित्र नाही जाणार. मी हर तऱ्हेनं करून पाहिलं."

तिने तलावापलीकडे पाहिले. इतक्या दुरून आपली पिवळी टाकी तिला हरभऱ्याएवढी दिसली. त्या हरभऱ्याखाली बाबा होते.

"मग आवाजावर शिकवीन," ती म्हणाली. "गणितांची पानं आदल्या दिवशी पाठवून ठेवीन. माझा चेहरा बघून कुणाला सरासरी काढता येते?"

तिने नट सैल केला, दोन्ही हातांनी अँटेना हळूहळू फिरवला, खुणेवर आणला आणि जोर लावून आवळला. ती आवळत असताना त्याने फक्त खांब धरून ठेवला. दोघांचे हात एकमेकांपासून वीतभर अंतरावर होते. कुणी ते जवळ नेले नाहीत. कुणी काढूनही घेतले नाहीत.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला. मग खाली पाहून हसला. पण यावेळी हसू मधेच अडले. "आता चित्राची तपासणीही बंद."

"हो. बंदच."

"म्हणजे... चित्र बघायचं असेल तर... मला यावं लागेल. तिकडे. दुरुस्तीसाठी नव्हे... असंच. आणि नेहमीच." त्याने कसाबसा तिच्याकडे पाहिले. "चालेल?"

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आणले. तिने ते मुद्दामच चटकन बाजूला केले नाहीत. "आधी टेकडीवर आवाज पोहोचतो का बघू. उत्तर उद्या. तास संपल्यावर."

"फोनवर?"

"जलकुंभावर थांबा. दिसेल."

दुसऱ्या दिवशी पडद्यावर तिचा चेहरा नव्हता, फक्त आवाज होता. तिने हजेरी सुरू केली. पहिल्या बाकाची पाळी आली तेव्हा तिने लॅपटॉपचा आवाज वाढवला.

"हजर, मॅडम!" आवाज खणखणीत आला. त्यामागे कुठेतरी कोंबडा आरवला, वर्ग हसला, आणि पहिला बाक तास संपेपर्यंत जागचा हलला नाही. उलट तिने इतक्या शंका विचारल्या की शेवटी कुणीतरी म्हणाले, "मॅडम, हिचा आवाज जरा कमी करता येतो का?"

तास संपला. तिने लॅपटॉप मिटला, तोच भिंतीवर कवडसा आला. साखरेच्या डब्याशी येऊन तो थबकला आणि तिथेच, दार वाजवून बाहेर उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखा, वाट पाहत राहिला.

ती खिडकीशी गेली आणि तिने बाबांच्या समोरचा आरसा उचलला.

"अगं, अगं! अर्धी दाढी राहिलीय माझी!"

"एक मिनिट, बाबा."

तिने ऊन पकडले. एक कवडसा पाण्यावरून पलीकडे गेला. जलकुंभावरची लखलख जागच्या जागी विझली. तिने श्वास घेतला... हळूच. आणि मग दुसरा कवडसा पाठवला.

आरसा तिने पुसून पुन्हा गजाला लावला. बाबा एका गालावर साबण घेऊन तिच्याकडे पाहत होते.

"दोन?"

"दोन."

त्यांनी गालावरचा साबण पुसला. वस्तरा खाली ठेवला, वॉकर धरून उठले आणि खिडकीशी आणखी एक खुर्ची मावेल एवढी आपली खुर्ची बाजूला केली.

"सरका पुढे," ते स्वतःशीच म्हणाले, "जागा आहे."