ठोकळा हलू नये म्हणून

"नाव काय म्हणालात?" कालिंदीने तिसऱ्यांदा विचारलं. खुर्चीतला तरुण नुसता तिच्याकडे बघत राहिला... जाड भुवया, टपोरे डोळे आणि तोंडातून शब्द नाही. काय आखडू माणूस आहे, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात आतून तिचा दादा आला. महाडात राहत्या घरातच त्याचा दातांचा दवाखाना होता. "अगं, त्यांच्या तोंडात मेण आहे. साचा घेतोय मी."

कालिंदी लाजून लाल झाली. तरुणाच्या डोळ्यांत मात्र हसू मावेना.

तो हैबती, कुडपणचा, पोलादपूरच्या शाळेतला मास्तर. डाव्या गालात आतून जखम झालेली. मुंबईच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला होता. आता तिथे जाऊन यंत्राने किरणांचा शेक घ्यायचा. तो शेक उजवीकडे पोचला, तर तिकडच्याही लाळेच्या ग्रंथी सुकणार. म्हणून दादा मेणाचा ठोकळा बनवत होता, आत शिशाचा पत्रा घालून. तो दातांत धरायचा आणि शेक संपेपर्यंत हलायचं नाही.

"तोंड कोरडं पडलं तर शिकवू कसा?" हैबतीने विचारलं. "भाकरी तरी कशी उतरंल घशाखाली?"

"ठोकळा जागचा हलला नाही, तर उजवी बाजू वाचेल," दादा म्हणाला. पण ठोकळा तोंडात गेला की हैबतीला उबळ यायची, जीभ वळवळायची आणि ठोकळा सरकायचा.

"माझ्यावर सोपवा यांना," म्हणत कालिंदीने पदर खोचला.

मग रोज शाळा सुटली की हैबती एस.टी. पकडून महाडला यायचा. ओटीवर ठोकळा धरून बसायचा आणि कालिंदी त्याला हसवायला बघायची.

"नाव हैबती — ऐकूनच पोरांनी घाबरावं — आणि मास्तर मेणाला भितात!"

सुरुवातीला तो खो खो हसायचा, ठोकळा मांडीवर पडायचा. "पुन्हा," ती हट्टाने म्हणायची. हळूहळू तो अगदी स्तब्ध बसू लागला. फक्त डोळे तिच्यावर... आणि त्या डोळ्यांपुढे तिचाच विनोद अर्ध्यावर राहायचा. या माणसावर आपला जीव जडलाय, हे तिला कळून चुकलं होतं.

मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी हैबती ठोकळा धरून बसला असताना दादा जरा आत गेला. कालिंदी हळूच म्हणाली, "बरे होऊन या... मला तुमच्याशीच लग्न करायचंय."

हैबती हलला नाही. पापणीसुद्धा नाही.

"शाब्बास," दादा बाहेर येत म्हणाला. "आता काळजी नाही."

कालिंदी तडक आत गेली आणि रडली. तो निघाला तेव्हाही ती बाहेर आली नाही.

चैत्रात तो परतला. गाल काळवंडलेला, सदरा अंगावर ढगळ झालेला. कालिंदी ओटीवर कैरी चिरत होती. तिने मीठ लावलेली एक फोड पुढे केली. त्याने ती उजव्या दाढेखाली धरली. मग त्याचा एक डोळा मिटला, ओठाचा कोपरा ओला झाला. त्याने घाईने बाहीने तोंड पुसलं.

"सुटलं पाणी," तो म्हणाला. "डावीकडं कोरडंच हाय. पण उजवी बाजू वाचली. सोमवारपास्नं शाळा."

कालिंदीचे डोळे भरून आले, तरी राग गेला नव्हता. "त्या दिवशी निदान मान तरी हलवायची."

"यंत्राखाली रोज तेच बोलणं आठवायचो. ते ऐकूनबी जो हलला नाय, त्याला यंत्राचं काय भ्या? आता... हलू का?"

तिने खाली बघतच होकार दिला. हैबतीने होकाराची मान हलवली आणि तो हलवतच राहिला. शेवटी कालिंदीच म्हणाली, "पुरे आता, दादा बघतोय."