तिसरं उत्तर

हे घडलेलं आहे. माझं सांगणं कदाचित कच्चं पडेल, पण घटना कच्ची नाही. भागवत माझा सख्खा भाचा. तो खोटं बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. नेपाळ. बुटवलहून पाल्प्याकडे चढणारा घाट.

रात्र नव्हती. दुपारचे सव्वातीन वाजले होते.

औशाहून तीन मोटारसायकली निघाल्या होत्या. पुढे भागवत, मधे त्याचा निलंग्याचा दोस्त बसवंत, सगळ्यात मागे भागवतचा धाकटा भाऊ दयानंद. नेपाळ करायचं, तिथून भूतान, मग घरी. निघताना दयानंदची बायको उज्वला फाटकात उभी होती.

"भाऊजी, तुमच्या भरवशावर पाठवायले," एवढंच ती म्हणाली.

भागवतने ते मनावर घेतलं होतं. घाटात आरशात मागचा दिसत नाही, म्हणून त्याने एक रीत घालून दिली होती. दर थोड्या वेळाने तो दोनदा हॉर्न वाजवी. बसवंत एकदा उत्तर देई. मग दयानंद एकदा.

दोन उत्तरं आली की पुढे जायचं. एक जरी कमी आलं, तर थांबायचं.

दयानंदचा हॉर्न हजारांत ओळखू येई. लातूरच्या गंजगोलाईतून हौसेने आणलेला. म्हशीच्या रेडकासारखा ओरडायचा.

घाटात धुकं उतरलं. भागवतने दोनदा वाजवला.

बसवंतचं उत्तर आलं. रेडकू ओरडलं.

आणि मग... अजून एक हॉर्न वाजला.

बसका. लांब. दरीच्या बाजूने.

भागवत थांबला. दोघं येऊन त्याच्याजवळ उभे राहिले. मागे कुणी नव्हतं.

"आरं, कोण वाजवायलंय तिसरं?"

"म्या न्हाई, दादा," दयानंद म्हणाला. "मला वाटलं ह्या बसवंतलाच मस्ती आलीया."

"पावना असंल कुनीतरी," बसवंत हसला. "एकटा पडला असंल बिचारा. बोलवा की, भागवतअण्णा. त्याला बी भूतान दावू."

न दिसणाऱ्याला ओ देऊ नये, हे आपल्याकडे लेकराबाळांना ठाऊक असतं. भागवतलाही ठाऊक होतं. पण एकट्या वाटसरूला मागे टाकायचं त्याच्या जिवावर आलं. धुक्याकडे तोंड करून त्याने दोनदा हॉर्न दिला.

"ये बाबा. ये आमच्यासंगं."

क्षणभर काहीच नाही.

मग... अगदी पाठीशी उत्तर आलं. इतकं जवळून, की बसवंतच्या गाडीची सीट थरथरली.

रस्ता मोकळाच होता.

तिघंही निघाले.

तिसऱ्या वळणावर बसवंत किंचाळला. भागवत मागे फिरला. बसवंत रस्त्यात पडला होता. हेल्मेटची काच फुटलेली, ओठ फाटलेला, तोंडात दाताचा तुकडा.

"मागून आला आन् बुक्की घातली! ह्या दयानं!"

दयानंद तेव्हा कुठे वळण घेऊन येत होता. बसवंतने उठून त्याची कॉलर धरली. दोघं डांबरावर लोळले. भागवतने त्यांना सोडवलं, आणि रागाच्या भरात भावाच्या मुस्काटात मारली. सगळं बळ लावून.

दयानंदने ओठावरचं रक्त पुसलं.

"दादा, म्या न्हाई मारलं. माझ्या मागं कुनीतरी हाय. मला आज मधी घे."

"गप मागं राहा. ह्याच्यापासून लांब राहा."

दयानंद मागे राहिला.

पुढच्या वळणानंतर भागवतने हॉर्न दिला. बसवंत. मग रेडकू.

तिसरं उत्तर आलं नाही. भागवतला हायसं वाटलं.

घाट संपेपर्यंत त्याने सात वेळा विचारलं. सातही वेळा दोनच उत्तरं आली. बरोबर दोन.

वर चहाच्या टपरीपाशी धुकं विरलं. बसवंत आला.

दयानंद आला नाही.

भागवतने दोनदा हॉर्न वाजवला. खालच्या धुक्यातून... रेडकू ओरडलं. लगेच. जवळून.

पण धुक्यातून कुणीच बाहेर आलं नाही.

अकरा किलोमीटर मागे गेल्यावर गाडी सापडली. कडेला, स्टँडवर, नीट उभी. तिचा हॉर्न मुळापासून उपटून नेलेला. तिथून डांबरावर रक्ताचा ओला पट्टा कठड्यापर्यंत गेला होता.

कठड्याखाली दयानंद पडला होता. दोन्ही हात मोडलेले. नखं निघालेली. हेल्मेट दगडाने ठेचावं तसं ठेचलेलं, आणि गळ्याभोवती हॉर्नची वायर करकचून आवळलेली.

श्वास चालू होता.

गाडी घसरली असणार, असं तिथल्या पोलिसांनी लिहून घेतलं. वायरीबद्दल कुणी काही लिहिलं नाही. तो हॉर्नही कधी मिळाला नाही.

नांदेडच्या दवाखान्यात दयानंद चार महिने होता. वाचा परत आली त्या सकाळी उज्वला आणि भागवत, दोघंही खाटेजवळ होते. तो भागवतकडे बघून सावकाश बोलला.

"तू मारलंस, त्याच्या पुढच्याच वळणाला त्या तिसऱ्यानं मला वढलं, दादा. छातीवर बसून मारत हुता. तुझा हॉर्न आला, की हात थांबवायचा. उत्तर द्यायचा..."

"मग पुन्ना मारायचा."

उज्वला त्या दिवसापासून भागवतशी बोललेली नाही.

मागच्या महिन्यात मी औशाला गेलो होतो. दयानंद ओसरीत खाटेवर होता. भागवतने तिन्ही गाड्या केव्हाच विकल्या आहेत. तो मला चहा देत होता. सोलापूर रस्त्यावर एसटीने वळणावर हॉर्न दिला. दोनदा.

भागवतचा हात कपासकट थांबला.

परसातून... रेडकासारखं काहीतरी एकदा ओरडलं.

माझे कान म्हातारे आहेत. शेजारी म्हशीही असतील. मी त्यावर शपथ घेणार नाही.

पण मी मान वळवली, तेव्हा दयानंदने मार चुकवावा तसे दोन्ही वाकडे हात तोंडावर आडवे घेतले होते.

उत्तर देऊन झालं होतं.