खिडकीजवळच्या खाटेवरचे ठोके

ही गोष्ट मी रचली असती, तर तिला बरा शेवट दिला असता. पण ती माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडली आहे, आणि मावशी थापा मारणारी बाई नाही. झुरळ दिसलं की ती खुर्चीवर चढते. भुताखेतांच्या गोष्टी ऐकताना मात्र तिला सरळ झोप लागते.

तेव्हा ती बाळंतपणाच्या नर्सिंगचं शिक्षण घेत होती. दोन महिने उरले होते. मोठ्या सिस्टरची सही मिळाली की ती स्वतःच्या जबाबदारीवर बाळंतपणं करायला मोकळी होणार होती.

मंगळवार. दुपारचे सव्वादोन. प्रसूतीचा वॉर्ड.

खिडकीजवळच्या खाटेवर शिवणकाम करणारी एक बाई होती. नववा महिना. बाळ दोन दिवसांपूर्वी पोटातच गेलं होतं. सोनोग्राफी दोनदा झाली होती. कळा येण्याचं औषध देऊन झालं होतं, आणि सोबतीला मावशीला बसवलं होतं.

बाई रडत नव्हती. इतकंच म्हणाली, "ताई, एकदा ऐकून बघता का?"

ऐकण्यासारखं काही उरलेलं नाही, हे मावशीला माहीत होतं. पण नाही म्हणवेना. तिने बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी पोटावर टेकवली आणि कान लावला.

आधी काहीच नाही.

मग...

टक् टक् टक् टक्. बारीक, भराभर.

नवख्या मुली इथेच फसतात. आईचीच नाडी ऐकतात आणि बाळाचे ठोके समजून बसतात. म्हणून ऐकताना आईचं मनगट धरून ठेवायचं, हे त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं. मावशीने मनगट धरलंच होतं. आईची नाडी मिनिटाला ऐंशी. कानातले ठोके... एकशेचाळीस.

तिने तीनदा मोजले. तिसऱ्यांदा चेहऱ्यावरचं लपवता आलं नाही.

"आहे ना?" बाईने विचारलं.

"आहे," मावशी बोलून गेली.

मग एकच धावपळ. मोठ्या सिस्टरनी कान लावला, मान हलवली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मशीन लावलं. पडद्यावर बाळ निश्चल होतं. मावशीने हट्टाने परत नळी टेकवली... ठोके चालूच. सिझर करा म्हणून ती सगळ्यांच्या हातापाया पडली.

सिस्टरनी तिला दंडाला धरून बाजूला नेलं. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "अगं, तू त्या बाईला काय सांगून बसलीस, कळतंय का तुला?"

पाच वाजता बाळ झालं. मुलगी. अंगाची साल सुटायला लागली होती. ती कधीच गेलेली होती, यात शंकेला जागा नव्हती.

मावशीने तिला पुसलं, गुंडाळलं, आईच्या कुशीत ठेवलं. शरमेने तिची मान वर होत नव्हती.

बाईने बाळाकडे पाहिलंच नाही. मावशीचा हात ओढून तिने आपल्या रिकाम्या पोटावर ठेवला.

"अजून एकदा ऐका."

"ताई, आता नको."

"ऐका ना. मला आत जाणवतंय."

बाळामागून वारसुद्धा पडून गेली होती. आत काही उरलेलंच नव्हतं. सिस्टर दारात उभ्या होत्या. मावशीने मनगट धरलं, कान लावला.

आणि...

टक् टक् टक् टक्. एकशेचाळीस.

"आहे ना?"

मावशी शपथेवर सांगते, त्या क्षणी तिला सहीची आठवणही नव्हती. त्या बाईला पुन्हा आशेला लावणं तिच्या जिवावर आलं, एवढंच.

"नाही, ताई. काहीच नाही."

बाईने हात सोडला, बाळ जवळ घेतलं आणि पहिल्यांदा रडली.

मावशीचा कान अजून नळीलाच होता. ठोके हळू होऊ लागले होते.

शंभर... साठ... वीस...

मग थांबले.

सही मिळाली. मावशीने पुढे एकतीस वर्षं बाळंतपणं केली. त्या दुसऱ्या वेळीही आपण 'आहे' म्हणालो असतो तर काय झालं असतं, असं ती अजूनही मला विचारते.