ढालीची अर्धी बाजू

"अहो, अहो — बाजूला!"

मी हे म्हणेपर्यंत उशीर झाला होता. पावसाची सर चुकवायला एक उंच माणूस ढाल छातीपुढे धरून माझ्या तंबूत घुसला आणि थेट माझ्यावरच आदळला. ढालीचा रंग ओला होता. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर हिरवं-निळं काहीतरी उमटलं.

"माफ करा... तो सिंह आहे," तो म्हणाला.

"कुठला? हा शेवाळाचा डाग?"

"निळ्यावर हिरवा सिंह."

"रंगावर रंग! कुणी शिकवलं हे तुम्हाला?"

"कुणीच नाही, म्हणून तर आलो. हेस्टर नावाच्या बाई शिकवतात म्हणे. जरा... खाष्ट आहेत, असं ऐकलंय."

"बरोबर ऐकलंय. मीच ती."

त्याचं तोंड असं झालं की मला हसू आवरेना. पण आवरलं. खाष्ट बाईने पहिल्याच भेटीत हसून कसं चालेल?

त्याचं नाव टोबायस. इंग्लंडातल्या श्रॉपशायर परगणाभर लोकांची छपरं शाकारत फिरायचा. आमचं हौशी मंडळ दर रविवारी पडक्या किल्ल्याखालच्या कुरणात मध्ययुगात जातं. लोखंडी टोप्या, बोथट तलवारी, मोठ्या हंड्यातलं मटणाचं कालवण आणि झग्याखाली लपवलेला चहाचा थर्मास! मी तिथली चोपदार. ढालीवरची खूण वाचायची आणि कोण लढायला उतरलंय ते खणखणीत ललकारी देऊन सांगायचं, हे माझं काम. नियमात न बसणाऱ्या ढालीला मी मैदानात पाऊल ठेवू देत नाही. टोबायसला जुलैच्या सामन्यात उतरायचंच होतं. लहानपणी कुंपणाबाहेरून बघितलेला सामना तो अजून विसरला नव्हता.

हिवाळाभर गावच्या सभागृहात आमची शिकवणी चालली. बाहेर पाऊस काचांवर टिचक्या मारत असायचा.

"पिवळा-पांढरा म्हणजे सोनं-चांदी, धातू. बाकीचे सगळे नुसते रंग. रंगावर रंग का चालत नाही?"

"लांबून दिसत नाही."

"आणि दिसायला का हवं?"

"नाहीतर आपलेच लोक आपल्याला बडवतील."

"हुशार आहात."

"हे तुम्ही पहिल्यांदाच म्हणालात. लिहून ठेवू?"

"ठेवा. पुन्हा ऐकायला मिळेलच असं नाही."

त्याने निळ्या भुईवर सोनेरी शिडी घेतली. छपरावर चढणाऱ्याला आणखी काय शोभणार? मग म्हणाला, "आणि तुमची खूण?"

"लाल भुईवर चंदेरी घुबड. सगळं बघतं आणि कुणाचं ऐकत नाही."

"दिसायलाही गोड असतं," तो खिडकीकडे बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते... आणि माझेही, कशाला खोटं बोलू!

नवरा-बायकोच्या ढालींचा धडा आला तेव्हा त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकला होता. "हे पान... एवढं महत्त्वाचं नाही," म्हणत मी ते उलटून टाकलं.

जुलै उजाडला. ऊन आणि रिमझिम एकदमच आली होती. टोबायस मैदानात आला, त्याने ढालीवरचं फडकं काढलं आणि मी ललकारी द्यायचीच विसरले. ढालीच्या एका अर्ध्यात त्याची शिडी होती आणि दुसऱ्या अर्ध्यात माझं घुबड!

"अगं हेस्टर, लग्न केव्हा उरकलंस? आम्हाला केकसुद्धा नाही?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सगळं कुरण हसायला लागलं.

"काय चुकलं? चांदी लालवरच आहे ना?" टोबायस गोंधळला.

"रंग बरोबर आहेत हो!" मी दात-ओठ खात पुटपुटले. "पण अशा शेजारी-शेजारी दोन खुणा म्हणजे... नवरा-बायको!"

तो कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं... ज्यांनी शिकवलं त्यांची खूण... आभार म्हणून..."

आभार! मी स्वतःलाच झापलं. गाढवे, तुला काय वाटलं होतं?

"नियम सांग, चोपदार," मैदानाच्या प्रमुख विनिफ्रेडबाई खुर्चीतून म्हणाल्या.

सांगावाच लागला. "लग्न झालेल्या किंवा ठरलेल्या जोडप्यालाच अशी ढाल चालते. इतरांना मनाई."

"मग काय! बाळा, त्या घुबडावर फडकं बांध आणि लढ. नाहीतर बाहेर हो."

टोबायसने फडकं उचललं. घुबडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी अर्थ माहीत नव्हता," तो सावकाश म्हणाला. "आता कळलाय. आता झाकलं तर... नाही म्हटल्यासारखं होईल. आणि मला नाही म्हणायचं नाहीये, हेस्टर." त्याने फडकं खाली ठेवलं. "लढाईचं पुढच्या वर्षी बघू."

आणि स्वारी चक्क निघाली! लहानपणापासूनचा हट्ट माझ्या घुबडापायी सोडून!

चोपदाराने अंगरख्यात असताना दुसऱ्यांचंच बोलायचं, स्वतःचं अक्षरही नाही, असा आमचा दंडक आहे. मी सदऱ्यावरचा अंगरखा डोक्यावरून ओढून काढला. तो कानातल्यात अडकला, केस विस्कटले, लोक खो-खो हसले. हसेनात का! मी तो विनिफ्रेडबाईंच्या मांडीवर टाकला.

"टोबायस, थांब! आता चोपदार नाही, मी बोलतेय. घुबड माझं आहे, आणि ते बसलंय तिथेच... राहू दे."

"म्हणजे लग्न ठरलं समजू?" विनिफ्रेडबाईंनी भुवया उंचावल्या.

"ते तो विचारेल तेव्हा. मी हो म्हणणार आहे, एवढं लिहून घ्या."

"हेस्टर, मग मी आत्ताच —"

"आत्ता नको! आधी लढ. लोक खोळंबलेत."

विनिफ्रेडबाईंनी स्वतः उठून ललकारी दिली. बिचाऱ्यांना मध्येच धाप लागली, पण शिडी आणि घुबड दोन्ही नीट सांगितली. टोबायस लढायला उभा राहिला खरा, पण बघत होता माझ्याकडेच. व्हायचं तेच झालं. पहिल्याच फटक्याला गडी चिखलात उताणा!

मी धावत गेले. त्याने लोखंडी टोपी मागे सारली. नाकाला चिखल लागलेला, चेहरा मात्र दिवाळी झाल्यासारखा.

"हरलो," तो म्हणाला. "आता विचारू?"

"विचार."

त्याने विचारलं. एरवी माझा आवाज कुरणाच्या पलीकडच्या मेंढ्यांनाही दचकवतो. त्या क्षणी मात्र कसाबसा एक बारीकसा "हो" निघाला.

"ऐकू नाही आलं, पोरी!" विनिफ्रेडबाई मागून ओरडल्या.

मग मी ओरडूनच सांगितलं.