वर्षभर गाळलेलं पाणी

प्रयाग मला पहिल्यांदा भेटली ती जऊळक्याला, तिच्या बापाच्या मळ्यातल्या विहिरीवर. वैशाख होता. मी वांग्यांची गाडी घेऊन बाजाराला आलो होतो आणि घसा सुकला होता. पायऱ्यांची विहीर दिसली म्हणून गाडी सोडली आणि लंगडत निघालो. माझ्या डाव्या घोट्याला नारू निघाला होता. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा, दोऱ्यासारखा लांब किडा. आमच्याकडे दर उन्हाळ्यात तो कोणाला ना कोणाला निघायचाच.

पहिल्या पायरीवर पाय ठेवणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तिथंच थांबा."

वळून पाहिलं. डोक्यावर भाजीची पाटी, वय माझ्याहून दोनतीन वर्षांनी कमी. मला वाटलं, जात विचारते आहे.

"आमी माळीच आहो, बाई," मी म्हणालो.

"जात कोन इचारली? पाय दाखवा."

मी पाय दाखवला. तिनं पाटी उतरवली आणि वाकून पाहिलं.

"हा पाय पान्यात गेला का किड्याची पिलं पान्यात. ते पानी आमी प्यायचं, अन् पुढच्या साली आमच्या पायातून काढायचं. लय उपकार तुमचे."

"मंग मी काय तहानलाच जाऊ?"

"तसं कोन म्हनलं?"

ती खाली उतरली, घागर भरून आणली, कळशीच्या तोंडावर चार पदरी फडकं धरून पाणी गाळलं आणि माझ्या ओंजळीत धार धरली. मी पीत पीत वर पाहत होतो. पाणी कोपरावरून गळायला लागलं.

"पानी तोंडात चाललं का बाहेर?" ती म्हणाली. तिनं माझ्याकडे पाहिलं नव्हतं. पण धार हलली, हे मी पाहिलं.

त्यानंतर दर बाजाराला माझे बैल त्या मळ्याजवळ थांबू लागले. तिचा बाप दौलतराव बोलका माणूस. त्याच्याकडून कळलं की प्रयागचं सासर आसेगावचं होतं. नवऱ्याला नारू निघाला, ओढताना तुटला, पाय सडला आणि महिन्याच्या आत तो गेला. पुढं देवी टोचायला आलेल्या डॉक्टरनं तिला सांगितलं की हा किडा पाण्यातून येतो, पोटात वर्षभर राहतो आणि मग निघतो. तेव्हापासून ती पाणी गाळल्याशिवाय पीत नव्हती. आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागतो, आणि पाटाला बाईचं मन विचारतात. दौलतरावाकडे दोन ठिकाणं येऊन गेली होती. दोन्हीला तिनं नाही म्हटलं होतं.

ज्येष्ठ लागला तेव्हा मी तिलाच विचारलं. ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

"माह्याशी पाट लावशील?"

तिचा हात थांबला. मग तिनं जुडी पूर्ण बांधली.

"लावीन... पन वर्षानं."

"वर्ष कायले?"

"आज जे पिऊन राह्यले, ते पुढच्या उन्हाळ्यात निघते. पुढचा उन्हाळा कोरडा जाऊ द्या. एक मानूस गेला माहा असा. दुसरा नाई द्यायचा मले."

"उद्यापासून गाळून पेतो. झालं?"

"उद्यापासून म्हननारे लय पाह्यले. पह्यले सांगा, दिवसभरात कोठी कोठी पानी पेता?"

मी सांगत गेलो – घरी, मळ्यात, गाडीवर. ती बोटांवर मोजत गेली.

"म्हंजे तीन फडकी. हातात घेऊन फिरायची नाईत. घरचं रांजनाच्या तोंडालेच बांधून ठेवायचं, मंग इसरता येत नाई. मळ्यातलं मोटेपाशी. गाडीचं जुवाले. अन् धुऊन उलटं करून बांधायचं नाई. एकच बाजू वर."

"एवढं तर मले शाळेत मास्तरनंबी नाई शिकवलं."

"शाळेत गेलते?"

"दोन महिने."

ती हसली. मला वाटतं, वर्षभर गाळून प्यायचं माझं ठरलं ते तेव्हाच.

घरी येऊन मी जुनं धोतर फाडलं. माय पाहत बसली.

"बायको आली नाई घरात, अन् तिचं राज सुरू," ती म्हणाली. गावातले लोक तर वाळत घातलेली फडकी पाहून शेजारच्या मळ्यातून ओरडून विचारायचे, "शालिकराम, बाळंतीन आहे काय घरात?" पहिला महिना फार जड गेला. तहान लागलेल्या माणसाला फडक्यातून झिरपणारं पाणी फार हळू येतं. मळ्यात दोनदा तर मी कंटाळून न गाळताच प्यायला निघालो, हे खरं सांगतो. दोन्ही वेळा हंडा भरून उचलला आणि परत ठेवला.

श्रावणात एकदा भुरभुर पाऊस होता. मी तिला दाखवायला मुद्दाम एक स्वच्छ फडकं नेलं. तिनं ते बोटांत धरलं, उन्हात... ऊन नव्हतंच, तरी वर धरून पाहिलं.

"हे कधी भिजलंच नाई."

"धुतलं म्हनून..."

"धुतलेलं फडकं गाळाचा डाग ठेवते. हे पेटीतलं आहे. जुवावरचं कोठी आहे?"

मी गाडीकडे गेलो आणि खरं फडकं घेऊन आलो. मळकट, कडेला फाटलेलं. ते तिला दाखवायची मला लाज वाटली होती.

"हे पाहा," ती म्हणाली, "हे चांगलं आहे." आणि पावसात उभी राहूनच तिनं त्याची फाटलेली कड शिवून दिली. सुई तिच्या पोलक्याला टोचलेली असायची.

असं वर्ष गेलं. पुढचा वैशाख आला. माय दरवर्षी वैशाखात खाटेवर असायची. यंदा ती निंदायला आली. बापाचेही पाय साफ होते. मायनं आपणहून रांजणाचं फडकं बदललं. ज्येष्ठाच्या शेवटी पाट लावायचा, असं दौलतरावाशी ठरलं.

आठ दिवस राहिले असताना माझ्या उजव्या पोटरीवर फोड आला. आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी फोड फुटला आणि आत पांढरं टोक दिसलं.

"धोतर खाली सोड," माय म्हणाली. "पाट लागू दे. मंग कोन काय म्हनते?"

मी रात्र कशीबशी काढली आणि सकाळी जऊळक्याला गेलो. प्रयाग विहिरीजवळच होती. मी धोतर वर केलं. तिचा चेहरा उतरला. ती खाली बसली आणि पोटरी निरखून पाहू लागली.

"मागच्या साली घरात किती निघाले होते?" तिनं विचारलं.

"तीन."

"अन् औंदा घरात कोनाले?"

"कोनालेच नाई. हा एकच."

"म्हंजे घरचं नाई, मळ्यातलं नाई. मागच्या ज्येष्ठात कोठी गेलते?"

मी आठवत राहिलो. मग आठवलं. धनजला मामेभावाचं लग्न.

"पंगतीत सगळ्यांनी पेलं. मीबी पेलो. चारचौघात फडकं काढायची... लाज वाटली." मग म्हणालो, "तुह्या बोलाप्रमानं मी हरलो. दौलतरावाले मीच सांगतो."

मी उठायला लागलो. तिनं माझ्या धोतराचा काठ धरला.

"लपवून आनला असता तर हरले असते. बसा."

ती घरातून गवताची एक काडी आणि कढत पाण्यातून काढलेलं फडकं घेऊन आली. माझा पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला. किड्याचं टोक काडीला हळूच गुंडाळलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"रोज एक बोटभर. वढायचा नाई," ती म्हणाली. "आखाड लागला तरी चालंल, पाट तवाच लावू. तवरोक अथीच ओसरीवर राहा."

"लोक काय म्हनतील?"

"म्हनतील, प्रयागनं नवरा आधीच घरात घेतला. हलू नका."

सतरा दिवस लागले. किडा अखंड निघाला. अठराव्या दिवशी आमचा पाट लागला, आणि पंगतीचं सगळं पाणी तिनं, नव्या लुगड्यात, स्वतः गाळलं.