तिसऱ्या प्रवाशाची पिशवी

फोन आला तेव्हा नकाशाबाई एका नवपरिणीत जोडप्याला जिराफ आणि समुद्र एकाच सहलीत कसे बसवायचे ते समजावत होत्या.

"पोलीस ठाण्यातून बोलतोय. दातवाल्या डॉक्टरांची सहल तुमच्याकडेच ना? फाइल घ्या आणि त्यांच्या घरी या. आत्ता."

"का हो? काय झालं?"

"त्यांची मेव्हणी नाहीशी झालीय. आज चौथा दिवस."

ऑफिसात त्यांना सगळे नकाशाबाईच म्हणत. बावीस वर्षं पूर्व आफ्रिकेच्या सहली आखून देता देता तिकडच्या कच्च्या धावपट्ट्यासुद्धा त्यांना तोंडपाठ झाल्या होत्या. स्वतः मात्र त्या आजवर विमानात बसल्या नव्हत्या. मालकांनी छापून ठेवलेली सामानाची यादी जुनाट होती. तिच्यात नसलेलं सगळं त्या समोर बसलेल्या माणसाला तोंडी सांगत. निळे-काळे कपडे घेऊ नका, तिथल्या चावऱ्या माश्या त्याच रंगांवर तुटून पडतात. प्लास्टिकची एकही पिशवी नको, उतरल्या उतरल्या काढून घेतात. चाकांची टणक बॅग घरीच ठेवा, छोट्या विमानात मऊ कापडी पिशवीच चालते, पंधरा किलोंची. आणि शॅम्पू-तेलाच्या बाटल्या जुन्या मोज्यांत घाला, एका मोज्यात एक. ही शेवटची युक्ती खास त्यांची होती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती ऐकायला मिळाली नसती.

डॉक्टरांचं घर दुसऱ्या मजल्यावर, दवाखाना खाली. जिन्यातच इन्स्पेक्टर उभे होते. त्यांचा उजवा गाल सुजला होता, पण वर दातांचे डॉक्टर बसलेले असल्यामुळे ते तोंड मिटूनच बोलायचा प्रयत्न करत होते.

"मला एकच सांगा. डॉक्टर पळून जायच्या बेतात होते का?"

"छे! दोन तिकिटं, नवरा-बायकोची. जाण्याची आणि येण्याचीही. पुढच्या शुक्रवारी निघायचं. सहा दिवस जंगल, चार दिवस समुद्रकिनारा."

"सगळं ठरवलं कुणी?"

"त्यांच्या बायकोने, मास्तरीणबाईंनी. दर शनिवारी शाळा सुटली की येऊन बसायच्या. भूगोल शिकवतात. गेली कित्येक वर्षं त्यांच्या मनात होतं."

"डॉक्टर कधी आले होते?"

"एकदाही नाही. कागदावर सह्या तेवढ्या त्यांच्या."

"तिसऱ्या माणसाबद्दल कधी काही विचारणा?"

नकाशाबाईंनी फाइल उघडली. आत मालकांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली होती. 'डॉक्टरांचा फोन. तिकिटावर नाव बदलून मेव्हणीचं घालता येईल का?'

इन्स्पेक्टरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "हे कुणाला सांगितलंत?"

"मास्तरीणबाई आल्या तेव्हा त्यांना. पंधरा दिवस झाले असतील. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्या ह्यांना थट्टा करायची खोडच आहे."

"थट्टा!" इन्स्पेक्टर गालावर हात ठेवून म्हणाले. "मेव्हणीवर डोळा होता, असं सगळी गल्ली बोलते. चला वर."

डॉक्टर खुर्चीत मान खाली घालून बसले होते. मास्तरीणबाई त्यांच्यामागे उभ्या, पदर घट्ट आवळून. रडून रडून डोळे सुजलेले.

"तुमची मेव्हणी, छोटी, कधी गेली?" इन्स्पेक्टरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"रविवारी दुपारी," डॉक्टर म्हणाले. "ती इथेच राहायची. खाली दवाखान्यात काउंटर सांभाळायची. रविवारी तिला सुट्टी."

"आणि निरोप?"

डॉक्टरांनी फोन पुढे केला. छोटीच्याच नंबरावरून आलेला होता. 'भावोजी, मी जातेय. कुणाबरोबर ते विचारू नका. शोधू नका.' त्यानंतर फोन बंद.

"तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"खाली. दवाखान्यात. हत्यारं धूत होतो."

"एकटे?"

"एकटाच."

"आणि बाई, तुम्ही?"

"शाळेत. पेपर तपासायला. तिथेही कुणी नव्हतं, सुट्टी लागलीय." मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. "कपडे नेले, पासपोर्ट नेला. माझ्या पोटच्या पोरीसारखं वाढवलं हो तिला. आई गेली तेव्हा सात वर्षांची होती."

"तुमच्या सहलीबद्दल तिला काय काय माहीत होतं?"

"काही नाही. तिच्यासमोर आम्ही विषयच काढत नव्हतो. तिला वाईट वाटायला नको म्हणून."

इन्स्पेक्टरांनी मान डोलावली. खरं तर नकाशाबाईंचं काम संपलं होतं, पण त्यांचा पाय निघेना. छोटीला त्यांनी एकदाच पाहिलं होतं, दाढ काढायला आल्या होत्या तेव्हा. त्या मुलीने त्यांचा हात धरून ठेवला होता आणि इंजेक्शन होईस्तोवर बडबड करून त्यांना हसवत ठेवलं होतं.

"तिची खोली बघू का?"

कपाटाचं दार उघडंच होतं. जवळजवळ निम्मे कपडे गेलेले. उरलेल्यांकडे नकाशाबाई पाहत राहिल्या. निळा कुर्ता. काळी पँट. गडद निळी ओढणी. नवीकोरी काळी जीन्स, किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नाही. पलंगाखाली चाकांची लाल बॅग होती, रिकामी. पलंगापलीकडे प्लास्टिकच्या पिशव्यांचा ढीग पडला होता, जणू एकेका वस्तूवरून सोलून टाकल्यासारख्या.

त्यांनी खालचा खण ओढला. मोजे होते. बहुतेक जोडीने गुंडाळलेले. तीन मात्र सुटे, बिनजोडीचे.

नकाशाबाई पलंगावर बसल्या. मग उठून बाहेर आल्या.

"डॉक्टर, तुमची बॅग भरून झाली?"

"अर्धीमुर्धी." त्यांना प्रश्नाचं कारण कळेना. "ती काय, कोपऱ्यात."

ती चाकांची, टणक कवचाची बॅग होती. इन्स्पेक्टरांनी उघडली. वर चार निळे शर्ट. बूट प्लास्टिकच्या पिशवीत, दाढीचं सामान दुसऱ्या पिशवीत.

"रंगांचं तुम्हाला कुणी काही सांगितलं नाही?" नकाशाबाईंनी विचारलं.

"कसले रंग? ही सगळं बघते. मला निघायची तारीख तेवढी माहीत."

"मी शेवटी सगळी नव्याने भरणारच होते," मास्तरीणबाई घाईने म्हणाल्या. "ह्यांना सांगून काही उपयोग नसतो."

नकाशाबाईंनी फाइल टेबलावर ठेवली.

"इन्स्पेक्टर साहेब, ही मुलगी कुणाबरोबर पळून गेलेली नाही."

"म्हणजे?"

"पळून जाणारी पोरगी नवीकोरी जीन्स मागे ठेवते? चाकांची बॅग असताना सामान खांद्यावर वाहते? तिने काळं-निळं एकूण एक वगळलं. एकेका वस्तूवरून प्लास्टिक काढून टाकलं. टणक बॅग सोडून कापडी पिशवी घेतली. साहेब, ती सफारीला निघाली होती."

मास्तरीणबाईंचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

"हे काय कुणीही संगणकावर वाचेल," इन्स्पेक्टर म्हणाले.

"वाचेल. पण खणात तीन मोजे बिनजोडीचे आहेत. तीन जोडीदार गेले कुठे? तीन बाटल्यांवर. बाटली मोज्यात घालायची ही माझी युक्ती आहे, साहेब. छापलेल्या यादीत नाही. मी ती फक्त समोर बसलेल्याला सांगते. डॉक्टर माझ्यासमोर कधी बसलेच नाहीत, आणि त्यांना यातलं काही ठाऊक असतं तर त्यांच्याच बॅगेत निळे शर्ट कशाला निघाले असते? या घरात हे सगळं एकाच माणसाला माहीत होतं. आणि तेच माणूस आत्ता म्हणालं की छोटीसमोर विषयच निघाला नाही."

डॉक्टर हळूहळू मागे वळले.

"तुम्ही तिला सांगितलंत, तूही येतेयस," नकाशाबाई मास्तरीणबाईंकडे पाहत म्हणाल्या. "तिसरं तिकीट काढलंय, भावोजींना कळू देऊ नकोस, गंमत करू या. विमान रविवारीच आहे असंही सांगितलं असेल. तिने आनंदाने पिशवी भरली, पासपोर्ट घेतला. तुम्हाला काही करावंच लागलं नाही. ती पळून गेली असं दिसायला जे जे लागतं, ते सगळं तिने स्वतःच्या हाताने करून दिलं."

इन्स्पेक्टरांची नजर दाराजवळच्या खुंटीकडे गेली. किल्ल्यांचा मोठा जुडगा होता. "शाळेच्या?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. रडणं एकदम थांबलं होतं. वर्गात चुकीचं उत्तर दुरुस्त करावं तसा त्यांचा आवाज झाला. "विमान मंगळवारचं सांगितलं होतं. रविवारी आधी मोठ्या शहरात जाऊन राहायचं, म्हटलं. गाडी शाळेच्या मागच्या फाटकाशी येईल."

"ती कुठे आहे?"

"मागे जुनी टाकी आहे. जमिनीतली. पाणी असतं तिच्यात. मी झाकण आधीच सरकवून ठेवलं होतं."

डॉक्टरांच्या तोंडून विचित्र आवाज निघाला.

"पिशवी मी स्वतः वजन करून दिली," मास्तरीणबाई पुढे म्हणाल्या. "सोळा किलो भरली. एक किलो जास्त. बुटांचा एक जोड काढायला लावला तिला. कुरकुरली नाही. म्हणाली, ताई, तू म्हणशील तसं. नंतर फोन तिच्याकडून मागून घेतला, गाडीवाल्याला लावते म्हणून."

"लगेच गेली ती?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"पोहता येत नव्हतं तिला. झाकण ढकलून बंद केलं. मग निरोप लिहीत बसले. निरोप लिहून होईपर्यंत आतून आवाज येत होता."

इन्स्पेक्टरांनी शिपायाला खूण केली. किल्ल्या घेऊन तो जिन्यावरून धावत गेला.

"पण का?" डॉक्टर ओरडले. "काय केलं होतं तिने तुझं?"

"मला विचारता?" मास्तरीणबाईंनी बोट नकाशाबाईंकडे केलं. "ह्यांना विचारा. ह्यांनीच सांगितलं मला. माझं नाव काढून तिचं घालायला फोन केला होतात तुम्ही. अकरा वर्षं नकाशे जमवले मी. आणि ऐन वेळी तिला घेऊन जाणार होता."

डॉक्टर खुर्चीतून उठले.

"तुझं नाही. माझं. माझं नाव काढायला सांगत होतो मी."

"काय?"

"त्या छोट्या विमानाचं चित्र दाखवलंस ना तू मला, बारा खुर्च्यांच्या... त्या रात्रीपासून मला झोप नाही. भीती वाटते मला, लहानपणापासून. तुला कसं सांगणार होतो? हसली असतीस. म्हटलं, तुम्ही दोघी बहिणी जा. वाढदिवसाला सांगणार होतो तुला."

नकाशाबाईंनी चिठ्ठी पुन्हा पाहिली. कुणाचं नाव काढायचं, ते मालकांनी लिहिलंच नव्हतं. त्यांनीही उलट फोन करून विचारलं नव्हतं. उलट मास्तरीणबाईंना ती वाचून दाखवताना, बाईबाईंत चालते तशी, भुवई जराशी वर उचलली होती. ते त्यांना आत्ता आठवलं.

इन्स्पेक्टरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "तिथेच थांबा" एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मग मास्तरीणबाईंना म्हणाले, "चला."

त्यांनी चपला घातल्या. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, नवऱ्याकडे वळल्या. क्षणभर वाटलं, आता कोसळतील, पाय धरतील.

"म्हणजे आम्ही दोघीच गेलो असतो," त्या विचार करत म्हणाल्या. "खिडकीची जागा तिनेच घेतली असती."